गीझरचा व्हॉल्व्ह आणि साडेतेराशे रुपये

(रौप्यमहोत्सवी वर्षात, अग्निशमन सेवा सप्ताहाच्या निमित्ताने सोसायटीच्या सभागृहात ‘घरातली सुरक्षितता’ हा कार्यक्रम झाला. त्यात आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण अनेकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. वक्त्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेले नाही. तरी ते कोण, हे ओळखायला कुणाला वेळ लागणार नाही. – संपादक मंडळ)



मला भाषणाची सवय नाही. कारखान्यात मेंटेनन्स खात्यात चौतीस वर्षं काढली. तिथं बोलणाऱ्यापेक्षा पान्हा चालवणाऱ्याला किंमत. इथं राहायला आल्यावर तुम्ही मला ‘फिटरकाका’ करून टाकलंत. कुणाचा नळ गळतो, कुणाचा मिक्सर अडतो, कुणाच्या दाराचं लॅच बसत नाही; बोलवा काकांना! मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दुरुस्ती झाली की चहा मिळायचा, आणि वर ‘काका, तुमच्या हाताला गुण आहे’ असं कुणी म्हटलं की दिवसभर छाती फुगलेली असायची.

सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, गॅस गीझरवर दहा-पंधरा मिनिटं बोला.’ मी हो म्हटलं. पण बोलायचंच तर एक गोष्ट आधी सांगावी लागेल. ती मी या सोसायटीत तीन-चार घरं सोडली तर कुणाला सांगितलेली नाही. माझ्या हातून झालेली चूक आहे ती.

डिसेंबर २०११. आमच्या बाथरूममधला गॅसचा गीझर नखरे करायला लागला. नळ सोडला की ‘टक टक टक’ ठिणगी पडायची, पण पेटायचा नाही. कधी पेटायचा तर दोन मिनिटांत विझायचा. दुकानातून माणूस बोलावला. त्यानं पाहिलं आणि सांगितलं, ‘व्हॉल्व्ह गेलाय. कंपनीचा नवा बसवून, मजुरी धरून, अठराशे रुपये.’ मी मनात म्हटलं, अठराशे? कारखान्यात याच्या दसपट मोठे व्हॉल्व्ह मी रोज खोलतो! त्याला चहा पाजून वाटेला लावला.

रविवारी भंगाराच्या बाजारात गेलो. तिथं गीझरचा आख्खा सेट मिळाला: व्हॉल्व्ह, त्याला जोडलेली जेटची पट्टी, सगळं. मुंबईकडून आलेला माल होता. भाव करून साडेचारशेला घेतला. आटे जुळले, भोकं जुळली. दोन तासांत बसवला. साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठं गळती नाही. सेल घातले, नळ सोडला, आणि गीझर भक्कन पेटला. पाणी तर आधीपेक्षाही कडक! घरात सांगितलं, ‘साडेतेराशे रुपये वाचवले.’

आता यात काय चुकलं ते समजायचं असेल, तर गीझरच्या पोटात काय चालतं ते थोडं बघू. अवघड नाहीये.

आपला भिंतीवरचा गॅस गीझर पाणी साठवत नाही. नळ सोडला की पाणी आत शिरतं, एका वाटीएवढ्या डबीतून जातं. त्या डबीत एक रबराचा पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाणी वाहायला लागलं की पडद्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी होतो. पडदा सरकतो आणि एक बारीक पिन पुढं ढकलतो. ती पिन दोन कामं करते. गॅसचं तोंड उघडते, आणि एक छोटा स्विच दाबते. स्विच दाबला की दोन मोठ्या सेलवर ठिणगी पडते. ज्योत लागली की नाही हे बघायला बर्नरवर एक कांडी असते. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर ती गॅस बंद करायला लावते. नळ बंद केला की पडदा मागं येतो, स्प्रिंग गॅसचं तोंड मिटवते. म्हणजे बघा, पाणी आहे तरच गॅस, आणि ज्योत आहे तरच गॅस. या दोन गोष्टी सांभाळणारा भाग म्हणजे हा व्हॉल्व्ह. गीझरचा राखणदारच तो. तो बदलायचा म्हणजे नळाचा वॉशर बदलण्यासारखं नव्हे.

आता जेट. जेट म्हणजे पितळी तोटी, तिला सुईएवढं भोक. त्या भोकातून किती गॅस यायचा हे ठरलेलं असतं. सिलिंडरचा गॅस आणि पाइपनं येणारा गॅस हे वेगळे. सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. सिलिंडरचा गॅस घरात साधारण ३० मिलिबार दाबानं येतो, पाइपचा साधारण २१ मिलिबारनं. शिवाय तेवढ्याच घनफळात सिलिंडरच्या गॅसमध्ये उष्णता पाइपच्या गॅसच्या जवळजवळ अडीच पट. म्हणून पाइपच्या गॅसच्या गीझरचं जेटचं भोक मोठं ठेवावं लागतं, सिलिंडरच्या गीझरचं लहान.

मी आणलेला सेट पाइपच्या गॅसचा होता. आमच्याकडे सिलिंडर. म्हणजे मोठ्या भोकातून, जास्त दाबानं, जास्त दमदार गॅस. ज्योत पिवळी, लांब, टोकाला धूर सोडणारी. आणि मी, चौतीस वर्षांचा मेंटेनन्सवाला, ती ज्योत बघून काय म्हणालो असेन? ‘बघा, किती जोरदार पेटतो!’

गॅसला पूर्ण जळायला हवा लागते. ती पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लक्षात घ्या, सिलिंडर गळला तर वास येतो, कारण गॅसमध्ये मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळलेलं असतं. जळल्यानंतर तो वास उरत नाही. म्हणजे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. आणि हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही.

त्यात आमच्या बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांवर मीच प्लॅस्टिक चिकटवलं होतं. थंडी वाजते म्हणून!

अकरा दिवस गीझर चालला. त्या दिवसांत आंघोळीनंतर माझं डोकं जड व्हायचं. मी म्हणायचो, पित्त झालंय. सौ. म्हणायची, मळमळतंय. आम्ही दोघं आल्याचा तुकडा चघळायचो. गीझरकडे बोट दाखवावं असं एकदाही सुचलं नाही.

बाराव्या दिवशी शनिवार होता. सौ. केस धुवायला गेली, म्हणजे वेळ लागणारच. मी पेपर वाचत होतो. धाकटी लेक क्लासला निघायच्या घाईत होती. तिनं दार वाजवलं. ‘आई, झालं का?’ उत्तर नाही. परत वाजवलं. आतून फक्त पाण्याचा आवाज. ती माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या हातातला पेपर ओढला.

कडी आतून होती. मी खांदा मारला, दोनदा मारला, तिसऱ्यांदा कडी उखडली. सौ. मोरीपाशी पडलेली होती. नळ चालू, गीझर पेटलेला. तेव्हा आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका सुरू झालेली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी चादर आणली, वरच्या दादांनी रिक्षा थांबवली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘घरी बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?’ मी मान हलवली. ‘दुरुस्त केला होता का हल्ली?’ मी त्यावर काही बोललोच नाही. लेकीनं सांगितलं, ‘बाबांनी केला.’

प्राणवायू लावला. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. चार दिवसांनी घरी आली. आज ती समोर बसलेली आहे, म्हणून मी इथं उभा राहून बोलू शकतोय. लेकीचा क्लास दहा मिनिटं उशिरा असता, तर मी काय बोललो असतो ते मला माहीत नाही.

असो. आता कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट. गॅस गीझर बाथरूमच्या आत नकोच. हिशेब सांगतो. सहा लिटरच्या गीझरचा बर्नर म्हणजे ओट्यावरच्या शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. वीस मिनिटांत तो साधारण ३०० ग्रॅम गॅस जाळतो, आणि त्याला जवळजवळ ४ घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम पाच बाय सात, उंची आठ फूट. एकूण हवाच ८ घनमीटर. म्हणजे खिडकी बंद असेल तर वीस मिनिटांत निम्म्या बाथरूमएवढी हवा गीझर खातो, आणि माणूस त्याच हवेत श्वास घेतो. नवा, ठणठणीत गीझर असला तरी हाच हिशेब. म्हणून तो ड्राय बाल्कनीत, हवेशीर जागी लावायचा, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. पावसाचं पाणी आणि थेट वारा लागणार नाही एवढं बघायचं.

दुसरी गोष्ट. गीझर पेटत नाही म्हणजे व्हॉल्व्हच गेला, असं नसतं. आधी सेल बदलून बघा. थंड पाण्याच्या जोडाजवळ बारीक जाळी असते, तिच्यात कचरा आणि क्षार अडकतात. ती साफ करून घ्या. सिलिंडर संपत आलाय का बघा. आणि वरच्या मजल्यावरच्यांनो, तुमच्यासाठी खास: पाण्याचा दाब उंचीवर असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. टाकी तुमच्या डोक्यावर लगेच, म्हणजे दाब कमी. पडदा सरकतच नाही. तिथं व्हॉल्व्ह दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही. माझ्या गीझरचं दुखणं काय होतं सांगू? नंतर जुना व्हॉल्व्ह खोलून बघितला. पडदा चांगला होता. जाळी तुंबली होती, आणि सेल जुने होते. साठ रुपयांचं काम!

व्हॉल्व्ह खरंच गेल्याच्या खुणा वेगळ्या. नळ बंद केला तरी ज्योत चालू राहते, ही सगळ्यांत वाईट. पिन अडकलीय असं समजा, लगेच सिलिंडरचा किंवा पाइपचा कॉक बंद करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकणं, व्हॉल्व्हपाशी गॅसचा वास येणं, पेटताना उशीर होऊन मोठा ‘भक्क’ आवाज येणं, ही पण लक्षणं आहेत.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व्ह बदलायचा कसा. हे काम कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकचं. माझ्यासारख्या फिटरकाकाचं नव्हे. आपण मेकॅनिक व्हायचं नाही, पण साक्षीदार मात्र व्हायचं. तो काम करताना शेजारी उभं राहून बघायचं.

काय बघायचं? नवा भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि आपल्याच गॅसचा आहे का. गीझरच्या पट्टीवर कुठला गॅस ते छापलेलं असतं. भागाच्या खोक्यावरचं त्याच्याशी ताडून बघा. काम सुरू करण्याआधी गॅस बंद, पाणी बंद, सेल बाहेर, खिडक्या उघड्या. घरात निरांजन, उदबत्ती, शेगडी काही पेटलेलं नको. वायरी सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. नट सोडताना दोन पाने वापरायचे, एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर तांब्याचा पाइप पिळतो आणि चीर पडते. जुने वॉशर, जुनी रबरी रिंग परत घालायची नाही, नवीच हवी. गॅसच्या जोडावर एमसील थापणारा दिसला तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

जोडून झालं की आधी पाणी सोडायचं, ठिबकतंय का बघायचं. मग गॅस सोडायचा, पण गीझर पेटवायचा नाही. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की गळती. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग मी बघितलेत. तसं कुणी केलं तर हात धरा.

मग पेटवायचं, आणि चार परीक्षा घ्यायच्या. एक, ज्योत निळी आणि आखूड हवी. पिवळी, लांब किंवा काजळी धरणारी ज्योत असेल तर गीझर नापास. दोन, नळ बंद केला की ज्योत लगेच विझली पाहिजे. तीन, चालू असताना सेल काढले की बहुतेक गीझरमध्ये गॅस बंद होऊन ज्योत विझते. तुमच्या मॉडेलमध्ये तसं आहे का ते मेकॅनिकला विचारून करून घ्या. चार, पेटलेला असताना साबणाचा फेस पुन्हा एकदा लावायचा, कारण व्हॉल्व्हच्या पुढच्या जोडांत गॅस तेव्हाच येतो. या चारही गोष्टी झाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

चौथी गोष्ट. आता आपल्या इमारतीत पाइपचा गॅस येतोय. शेगडीची जेट गॅस कंपनीचा माणूस बदलून देईल, पण जुना सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडू नका. आणि कुणी पाइपवरून परत सिलिंडरवर जाणार असेल, गावी गीझर नेणार असेल, तर तो माझ्याच वाटेनं चाललाय हे लक्षात ठेवा. सिलिंडरवर असणाऱ्यांनी एका रेग्युलेटरला ‘टी’ लावून शेगडी आणि गीझर दोन्ही चालवू नयेत. नारिंगी रबरी नळी दर पाच वर्षांनी बदला. नळीवर साल छापलेलं असतं.

गॅसचा वास आला तर काय? सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, मोरीत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. दोन्हींना उपाय तोच. रेग्युलेटर किंवा कॉक बंद, खिडक्या-दारं उघडी, विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, आणि बाहेर यायचं. बाहेर आल्यावर फोन. सिलिंडरसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१. पाइपच्या गॅस कंपनीचा नंबर लिफ्टशेजारी लावलाय, तो आजच मोबाइलमध्ये घ्या. आंघोळीला गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर विचार करत बसू नका. दार उघडा, नाही उघडलं तर तोडा, गीझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. आणि तिथं सांगा की घरात गॅस गीझर आहे. आमच्या डॉक्टरांनी ते विचारलं म्हणून बरं झालं.

आता कमिटीला तीन विनंत्या. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव आणावा की कुठल्याही विंगमध्ये बाथरूमच्या आत गॅस गीझर राहणार नाही. ज्यांचे आहेत त्यांना ड्राय बाल्कनीत हलवायला मुदत द्यावी. ज्यांना जागा नाही त्यांनी विजेचा घ्यावा किंवा गच्चीवरच्या सोलरचं बघावं. दुसरी, दिवाळीच्या आधी सगळ्या गीझरची एकत्र तपासणी करावी. एकदम पन्नास घरं म्हटल्यावर मेकॅनिक दरही कमी करतो, आणि ‘आमचा चांगलाय’ म्हणून कुणी सुटत नाही. तिसरी विनंती घरमालकांना. आपल्याकडे शिकणारी मुलं भाड्यानं राहतात. चौघं-चौघं एका फ्लॅटमध्ये, एकामागून एक आंघोळी, खिडकी बंद. त्यांना गीझर कुठल्या गॅसचा हे माहीत नसतं, आणि मालक दुसऱ्या गावी. भाड्याच्या करारावर सही करताना गीझर तपासल्याची पावती जोडा. ती मुलं कुणाची तरी लेकरं आहेत.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. सुरुवातीला आलो तेव्हा पाणी टँकरनं यायचं, जिन्यात दिवे नव्हते. सगळं आपणच एकमेकांच्या हातांनी केलं. तीच सवय माझ्या अंगात भिनली होती, की सगळं आपणच करायचं. सवय चांगली आहे. अजूनही तुमचा नळ गळला तर बोलवा, मी येईन. पण गीझर म्हणालात, तर मी पान्हा नाही आणणार. मेकॅनिकला फोन लावीन, आणि साबणाची वाटी घेऊन शेजारी उभा राहीन.

भाषणाला येताना सौ.ला विचारलं होतं, ‘सांगू का सगळं?’ ती म्हणाली, ‘सांगा. पण साडेतेराशे रुपये वाचवले होते, तेही सांगा. हॉस्पिटलचं बिल किती झालं ते नका सांगू, लोक हसतील.’ म्हणून ते सांगत नाही.

घरी गेल्यावर आज एकच करा. गीझर पेटवा आणि ज्योत बघा. निळी असेल तर छान. पिवळी दिसली तर आजची रात्र बादलीत पाणी तापवून आंघोळ करा, आणि सकाळी फोन लावा.